काशीआत्याचा बाविसावा भाग

शालू,

काल मंगळवार होता. दुपारी तीन वाजता मी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि मग लक्षात आल्यावर ती पुन्हा भिंतीला लावून ठेवली. तुला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी पुष्कळ कामं उरकली. भाड्याने आणलेली खाट परत गेली, उरलेली औषधं दवाखान्यात देऊन आले, तुझ्या चादरी धुऊन, इस्त्री करून कपाटात लावल्या. कामं संपली आणि आता नुसता थकवा उरला आहे. रडू येत नाही. बसलं की उठावंसं वाटत नाही, एवढंच.

हे मी तुझ्याशी बोलते आहे, पण वाचणार आहेत इरा आणि निहार, माझी कॅनडातली दोन नातवंडं. त्यांना शालूआजी म्हणजे व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागून डोकावून "जेवलात का रे?" विचारणारी. परवा निहारने विचारलं, "आजी, तुम्ही दोघी रोज दुपारी एवढं काय वाचायचात?" मला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून लिहिते. तुझी हरकत असणार नाही. आपलं बोलणं कुणी ऐकलं तर तुला बरंच वाटायचं. दार लावून घेण्याची सवय माझी.

तू आठ दिवसांसाठी आली होतीस. तुझा भाऊ, म्हणजे माझे यजमान, गेले, त्यांचा तेरावा झाला आणि सगळे आपापल्या घरी परतले. तू दिंडोरीहून एक कापडी पिशवी घेऊन आली होतीस. म्हणालीस, "आठ दिवस राहते विजूपाशी, मग जाते." मी तुझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला, त्यावर तुझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा लावली. तू हसलीस. "मॅडम, आठ दिवसांसाठी कप्पा कशाला?" म्हणालीस आणि पिशवी दाराच्या मागच्या खुंटीला अडकवलीस. पुढे सहा वर्षं ती तिथेच होती.

मुलांना हे सांगायला हवं की आपण दोघी एकमेकींच्या मुळीच सारख्या नव्हतो. माझे वडील नाशिक रोडला सरकारी नोकरीत. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पुढे मी एम.ए. केलं आणि एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तू सातवीपर्यंत शिकलीस, सतराव्या वर्षी द्राक्षांच्या बागेत सून होऊन गेलीस आणि चौतिसाव्या वर्षी विधवा झालीस. त्यानंतर छाटणीला आणि फवारणीला जी माणसं यायची, त्या पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या तू थापल्यास. तुझा दिलीप मोठा झाला, बाग वाढली, सून आली, गॅस आला, तरी भाकऱ्या तूच थापत होतीस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुला "आक्का, तुम्ही" म्हणायचे. मान होता, पण ओळख फारशी नव्हती.

ओळख झाली ती एका मालिकेमुळे. संध्याकाळी सातला लागायची. तालुक्याच्या गावातली एक खानावळ, ती चालवणारी रेवती आणि तिची बहीण, आणि गुरांचा डॉक्टर माधव. मी कधी मालिका पाहत नसे. तू पाहायचीस म्हणून शेजारी बसायला लागले आणि महिनाभराने सात वाजायची वाट पाहायला लागले. तुला मात्र रेवतीत रस नव्हता. त्या खानावळीत मागे एक काशीआत्या होती. विधवा, साठीची, चुलीपाशी बसलेली. दोन वर्षांत तिला दहा वाक्यंही नसतील आणि त्यातली निम्मी "ताट वाढू का?" एवढीच. तू पडद्याजवळ जाऊन तिचे हात बघायचीस. "ही बाई खरं थापते, विजू. बाकीच्या नुसतं पीठ फासून उभ्या हायत."

मग ती मालिका अचानक गुंडाळली. माधव पुरात वाहून गेला आणि पुढच्या आठवड्यात रेवतीचं दुसऱ्याशी लग्न लावून सगळे हात जोडून उभे राहिले. काशीआत्या त्या शेवटच्या घोळक्यात दिसलीसुद्धा नाही. तू दोन दिवस धुसफुसत होतीस. "लग्नाच्या जेवणाला कुणी थापल्या मग भाकऱ्या?" असं मलाच विचारत होतीस.

त्या सुट्टीत इरा आली होती. तिने माझ्या फोनवर एक जागा उघडून दिली. तिथे याच मालिकेच्या पुढच्या गोष्टी माणसं आपल्या आपण लिहीत होती. ढीगभर, मराठीत, फुकट. इरा म्हणाली याला फॅनफिक्शन म्हणतात. मी म्हटलं, ही तर चोरी झाली, दुसऱ्याची पात्रं उचलायची आणि आपलं घोडं दामटायचं. इराने काही उत्तर द्यायच्या आत तू बोललीस, "उखाणा कुणाचा का असंना, त्यात नाव आपण आपल्याच नवऱ्याचं घालतो का नाय? त्याला कोण चोर म्हणतं?" मी चष्मा पुसला आणि पहिली गोष्ट वाचायला घेतली.

तेव्हापासून रोज तीनला मी वाचायचे आणि तू ऐकायचीस. तुला हळू का होईना वाचता येत होतं, पण तू म्हणायचीस, तुझ्या तोंडून बरं वाटतं. आणि मग आपली भांडणं सुरू झाली.

माझी आवड शिस्तीची. त्या जागेवर प्रत्येक गोष्टीखाली चिठ्ठ्या लावलेल्या असतात: पूर्ण की अपूर्ण, सुखांत की दुःखांत, कोणाची जोडी कोणाशी, कुणी मरतं का. मला ते पाहून आनंद झाला होता, आपल्या ग्रंथालयाच्या कार्डांसारखं. मी फक्त पूर्ण झालेल्या गोष्टी वाचायचे. तीस भागांच्या वर जाणारी नको. माधवला पुरातून जिवंत परत आणणारी तर अजिबात नको, कारण गेलेला माणूस गेला. आणि याच माणसांना उचलून मुंबईच्या ऑफिसात टाय लावून बसवणारी, ती तर नकोच नको. वाचलेली प्रत्येक गोष्ट मी वहीत नोंदवायचे: नाव, भाग, पूर्ण की अपूर्ण, अभिप्राय. वही अजून इथेच आहे.

तू चिठ्ठ्या बघतच नव्हतीस. मी म्हणायचे, यष्टीत चढण्याआधी माणसाने पाटी वाचावी. तू म्हणायचीस, "मी पाटी नाय बघत. बसायला जागा दिसली की चढते." तुला अर्धवट गोष्टी आवडायच्या. ज्यांत माणसं जेवतात त्या आवडायच्या. रेवती आणि तिचा नवरा पावसात भिजायला लागले की "पुढं सरक, पुढं सरक" म्हणून हात हलवायचीस. माधवला कुणी जिवंत केलं की मी नाक मुरडायचे आणि तू म्हणायचीस, "आणू दे की. कागदावरच तर आणायचाय, कुणाच्या पोटाला चिमटा बसतोय?" एकदा यावरून मी इतकी चिडले की माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तुला कळत कसं नाही?" पस्तीसेक वर्षांत पहिल्यांदा मी तुला "अगं" म्हटलं. मी जीभ चावली. तू डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आता नीट भांडलीस." त्या दिवसापासून तू माझी शालू झालीस.

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी लिहिणारे जी दोन ओळींची चिठ्ठी जोडतात, ती तुला मूळ गोष्टीपेक्षा आवडायची. आज लाईट नव्हती, मुलाची परीक्षा आहे, सासूबाई आल्यात, म्हणून भाग छोटा. मी ती गाळायचे. तू लगेच विचारायचीस, "शेवटचं वाच. ती काय म्हणते?"

'चुलीमागची' नावाची गोष्ट तूच शोधलीस. शोधलीस म्हणजे माझा फोन हातात घेऊन बोट फिरवत होतीस आणि "काशी" एवढी अक्षरं ओळखून थांबलीस. लिहिणारीने आपलं नाव 'बांधावरची' असं ठेवलं होतं. कोण, कुठली, ठाऊक नाही. पण कधी चिठ्ठीत चांदवडच्या बाजाराचा उल्लेख असायचा, कधी कांद्याच्या रोपांचा, त्यावरून आपण ती चांदवडकडची ठरवून टाकली होती. सगळी गोष्ट काशीआत्याची. अपूर्ण होती, त्यामुळे माझ्या नियमात बसत नव्हती. तू म्हणालीस, "नियम तुझ्या वहीत ठेव आणि वाच." दर मंगळवारी नवा भाग यायचा. पहिले एकोणीस भाग ती बाई चुलीपाशीच होती. विसाव्यात तिने शेवटचं पातेलं घासून पालथं घातलं आणि खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. एकविसाव्यात ती यष्टी स्टँडवर बसली. गाडी लागली, ती उठून उभी राहिली, आणि तिथे भाग संपला. खाली चिठ्ठी होती, 'कांदा चाळीत भरायचा चाललाय, म्हणून भाग छोटा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.'

तू चिठ्ठी ऐकून घेतलीस. मग म्हणालीस, "चढंल ती." मी म्हटलं, नाही, परत जाईल, अशी बाई घर सोडत नाही. तू म्हणालीस, "तुला काय ठावं?" तू उठून दळण आणायला गेलीस.

आता जे लिहिते ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू दळण आणायला गेलीस तेवढ्यात मी त्या भागाखाली अभिप्राय लिहिला. अभिप्राय कसला, यादी लिहिली. मला वाटलं, होतकरू बाई आहे, कुणीतरी नीट मार्गदर्शन करायला हवं. एकोणीस मुद्दे, क्रमांक घालून. दुसऱ्या भागात काशीआत्याला एक भाऊ आहे, अकराव्यात ती एकुलती. पाचव्यात म्हैस व्याली, सातव्यात पुन्हा गाभण. चौदाव्या भागात पौर्णिमा, पंधराव्यात दुसऱ्याच दिवशी अवस. असे अठरा. आणि एकोणिसावा हा, वहीत उतरवून ठेवला होता म्हणून जसाच्या तसा देते: 'काशीआत्यासारखी स्त्री या वयात घर सोडून जाणार नाही. मूळ मालिकेशी हे विसंगत आहे. तिला सन्मानाने घरी परत आणावे.' खाली पूर्ण नाव, निवृत्त ग्रंथपाल, नाशिक रोड.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "बरं मॅडम."

एवढंच. मी तर खूश होते. पुढच्या मंगळवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. तू दर मंगळवारी तीनला येऊन बसायचीस आणि विचारायचीस, "टाकला का तिनं?" मी म्हणायचे, नाही टाकला. "कांद्यात असंल," म्हणायचीस. जून गेला, जुलै गेला. कांदा कधीच भरून झाला असणार हे मला कळत होतं, तुलाही कळत होतं. मला दोनदा सांगावंसं वाटलं. पण तू विचारलं असतंस, काय लिहिलंस, वाचून दाखव. आणि मग मला तुझ्यासमोर तो एकोणिसावा मुद्दा वाचावा लागला असता.

कारण तोवर मला कळलं होतं मी काय लिहिलं ते. उशिरा कळलं, पण कळलं. माझ्या दाराच्या मागे खुंटीला एक कापडी पिशवी होती आणि ती घेऊन घर सोडलेली बाई माझ्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होती. दिलीप तुला न्यायला दोनदा आला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "आई, लोक विचारतात. मामी, तुम्ही तरी सांगा हिला." मी काहीच सांगितलं नाही. तू त्याला पोटभर जेवू घातलंस आणि खाली रिक्षापर्यंत सोडून आलीस. दुसऱ्या दिवशी पिशवीतले कपडे काढून कप्प्यात ठेवलेस. पिशवी मात्र खुंटीवर राहू दिलीस. मी ती रोज बघायचे. एकदा घर सोडलेली बाई माझंही घर सोडेल, अशी मला भीती होती. तू दिंडोरीला का परत गेली नाहीस हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं आणि तुला जायची आठवण झाली तर? एवढी शिकलेली मी, आणि भीतीपोटी कुण्या परक्या बाईच्या गोष्टीतल्या बाईला घरी धाडत बसले.

ऑगस्टमध्ये तुझ्या किडन्यांचं निघालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आणि तू स्वच्छ ऐकलंस. मग खाट आली. तीन वाजता तू आता खुर्चीवर नसायचीस, खाटेवर असायचीस, पण मंगळवारी प्रश्न तोच. "टाकला का तिनं?"

एका मंगळवारी मी म्हटलं, टाकला.

आदल्या दोन दिवसांत मी तो लिहिला होता. आयुष्यात मी कधी गोष्ट लिहिली नव्हती, सूचनाफलक लिहिले. फोनमध्ये टंकून ठेवला आणि नेहमीसारखा डोळ्यांसमोर धरून वाचला. भाग बाविसावा. काशीआत्या गाडीत चढली नाही. चौकशीच्या खिडकीवर गेली, परतीच्या गाडीची वेळ विचारली, ती पदराच्या गाठीत चिठ्ठी बांधावी तशी मनाशी बांधली. चहा प्यायली आणि कप स्वतः विसळून गाड्यावर ठेवला. तू डोळे मिटून ऐकत होतीस. वाचून झाल्यावर म्हणालीस, "आज लय नीटनेटकी वागतेय ती."

मग म्हणालीस, "शेवटचं वाच."

शेवटचं मी लिहिलंच नव्हतं. इतकी वर्षं मी जे गाळत आले ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, आज तिने काही लिहिलं नाही. तू एक डोळा उघडलास. "कधी नाय ते," म्हणालीस आणि कुशीवर वळलीस.

पुढच्या वेळी मी विसरले नाही. तेविसाव्या भागाच्या शेवटी चिठ्ठी जोडली, 'घरात आजारपण आहे, म्हणून भाग छोटा.' हे आपल्याच घराबद्दल झालं ते मला नंतर वाचताना जाणवलं, टंकताना नव्हतं जाणवलं. तू विचारलंस, "कोण आजारी हाय तिच्याकडं?"

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"नणंद असंल." तू छताकडे बघत होतीस. "तिला कळव. म्हणावं, नणंद काय बरी व्हायची नाय. तू भाग टाकत जा."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच नळ सोडून उभी राहिले. तेव्हा आत येऊन सांगायचं होतं. तेव्हाच, शालू. तुला सगळं ठाऊक होतं, तू मला दार उघडून दिलं होतंस, मला फक्त आत यायचं होतं. मी दुधाचं पातेलं घासलं आणि तुझी खीर घेऊन आले.

चोविसाव्या भागात मी काशीआत्याला गावी आणलं. माझा हट्ट माझ्या लिहिण्यातही सुटला नाही. पाणंद, बांध, मग घर, घराचं फाटक. एव्हाना तुला बोलायलाही त्रास होत होता. मी वाचत होते, ती फाटकाशी उभी राहिली, कडीला हात घातला. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. हात किती हलका झाला होता, पण तळव्याचा घट्टा तसाच होता.

"विजू, तिला आत पाठवू नको."

मला म्हणालीस. बांधावरचीला नाही. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "माझ्या हातात आहे का गं? लिहिणारी लिहील ते खरं."

तू हात काढून घेतलास. रागाने नाही. थकून काढावा तसा. म्हणालीस, "बरं."

मंगळवारचा हा संवाद. रविवारी सकाळी तू गेलीस.

दिलीप गाडी घेऊन आला. त्याचा हक्क होता, त्याची आई होती. तो रडत होता आणि मला म्हणत होता, "मामी, घरी नेतो तिला, आपल्या मळ्यात." मला तुझं शेवटचं मागणं त्याच्यापुढे ठेवता आलं असतं. पण ते काय सांगणार होते मी? की एका बंद पडलेल्या मालिकेतल्या बाईबद्दल ती असं म्हणाली होती? मी तुझं सामान बांधून दिलं. कपडे, चष्मा, आणि खुंटीवरची पिशवीसुद्धा घडी घालून वर ठेवली. मला वाटलं, सगळं नीट द्यावं. गाडी दिंडोरीच्या त्या फाटकातून आत गेली तेव्हा मी मागच्या गाडीत होते. बागांची छाटणी नुकतीच झाली होती, नुसते वेल तारांना बांधलेले. मी समोर बघत बसले. मी तुला आत पाठवलं, शालू.

तेराव्याला पुन्हा गेले. वाड्यावस्तीवरची माणसं जेवली. भाकऱ्या आता आचारी करतो. दिलीप चांगला मुलगा आहे, त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मामी, आईचं काही हवंय का तुम्हाला? आठवण म्हणून? दोन चांगली लुगडी आहेत." मी म्हटलं, ती पिशवी दे. तो गोंधळला. "ती फाटलीय की," म्हणाला. आतून घेऊन आला. त्यात एक धुऊन विटलेला रुमाल होता आणि मी कधीकाळी कप्प्यावर लावलेली तुझ्या नावाची चिठ्ठी होती. ती तू कधी काढून ठेवलीस, मला कळलंही नव्हतं.

फाटकातून बाहेर आले तेव्हा ती पिशवी माझ्या हातात होती. मला नाटकं करायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. मी फक्त फाटक मागे ओढून घेतलं, कडी लागली का बघितलं आणि गाडीत बसले. पिशवी पुन्हा खुंटीवर आहे.

इरा, निहार, तुम्ही विचारलंत की आम्ही काय वाचायचो. हे वाचायचो. त्यात मोठं काही नव्हतं. दोन म्हाताऱ्या, एक संपलेली मालिका, तिसऱ्याच कुणा बाईने कांद्याच्या चाळीशेजारी बसून लिहिलेली गोष्ट. पण शालूआजी माझ्या घरी आठ दिवसांसाठी आली आणि सहा वर्षं राहिली, त्यामुळे मी या घरात टिकले. हे तिला तोंडाने सांगायला मला एकही दुपार मिळाली नाही, असं म्हणणार होते. पण दुपारी भरपूर होत्या. मी दुसऱ्यांच्या गोष्टी वाचून त्या भरल्या.

शालू, काल तीनला खुर्ची परत लावून ठेवली, पण चारला पुन्हा ओढली. 'चुलीमागची' उघडली. एकविसाव्या भागाखाली माझी यादी अजून होती, तिच्याखाली तिचं "बरं मॅडम." तुझंही शेवटचं "बरं"च होतं. दोघींनी मला तेवढंच उत्तर दिलं.

तिथे आपलं लिहिलेलं पुसता येतं. मी एकोणीसही मुद्दे पुसले. माझे तीन भाग फोनमध्ये होते, तेही पुसले, ते नीटनेटके होते पण चांगले नव्हते. मग यादी होती त्या जागी नव्याने लिहिलं. माफी मागितली, ती दोन ओळींत मागितली. बांधावरची ती वाचेल की नाही, पुढे लिहील की नाही, मला ठाऊक नाही. वहीत 'पूर्ण की अपूर्ण' या रकान्यात मी काहीच भरलेलं नाही. माफीच्या खाली तुझा निरोप लिहिला, तू म्हणालीस तसा, एक शब्द न बदलता: तिला आत पाठवू नको.

त्याखाली सही करताना हात थांबला. माझी नव्हती ती सूचना. म्हणून तुझं नाव घातलं आणि नावापुढे गाव.

शालू, नाशिक रोड.